घटातली माती

एम.एस्सी.ला मी मुळांत राहणाऱ्या बुरशीचा अभ्यास करत होते. ही बुरशी झाडाला जमिनीतलं स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात त्याच्याकडून साखर घेते. जिवंत मूळ नसेल तर ती वाढतच नाही. घरजावईच म्हणा.

बारडोलीच्या एका बांधावरच्या मातीत मला तिचे तपकिरी, काटेरी बीजाणू सापडले. सर म्हणाले, "कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नाहीत. पण हे जुने आहेत, वरचं आवरण झडलंय. ताजे मिळाले तरच जात ठरवता येईल." म्हणून त्या मातीत मका लावून कुंडी बमरोलीतल्या आमच्या खोलीबाहेर ठेवली. मका वाढल्यावर पाणी तोडलं, कारण झाड सुकायला लागलं की बुरशी बीजाणू धरते. तोवर बांध सपाट होऊन तिथे प्लॉट पडले होते. माती उरली ती कुंडीतलीच.

आईला एवढंच दिसलं, की मका मेला. घटाला काळी, शेतातली माती लागते आणि आमच्या गल्लीतली गिरणीच्या रंगानं माखलेली. दरवर्षी मामा गावाकडून आणायचे, त्या वर्षी आले नाहीत. मी कॉलेजातून आले तर कुंडी रिकामी, देवीपुढे घट बसलेला आणि मातीत गहू पेरलेला.

"माय, ती माझी माती होती!"

"मका ते मरी गया ना. देवले दिधेल माटी कोनी परत मांगस का?"

बसलेला घट हलवत नाहीत. राग इतका, की आरतीला मी टाळीही वाजवली नाही. एका दुपारी घरात कुणी नसताना चिमूटभर माती घ्यायला हात पुढे केला, पण धजावले नाही. विज्ञान शिकलेली मी, देवीला भ्यायले. गहू वाढत होता आणि मी नुसती बघत होते.

दसऱ्याला आईनं उपटलेल्या गव्हाचा तुरा माझ्या वेणीत खोचला. बाकी सगळं, मातीसकट, तापीत गेलं.

तुऱ्याची मुळं मी प्रयोगशाळेत शिजवून निळ्या रंगात बुडवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत इवली निळी झुडपं उभी होती. बुरशी जगली होती! पण नुसत्या मुळावरून तिची जात ओळखता येत नाही, त्याला बीजाणूच लागतात.

घरी आले तर आईनं विचारलं, "पावनी का देवी?"

"पावली," म्हणाले आणि भांडी घासायला बसले.