कोरे ठेवलेले रकाने

निर्मलाताई खिल्लारे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका आजींच्या अंगाखालची चादर बदलत होत्या आणि मी, नोकरी मागायला आलेली किन्हीराजा गावची सून, दारात पिशवी धरून उभी होते. त्यांनी नाव विचारले नाही की शिक्षण विचारले नाही. "उभी काहून हायेस? तिकडून धर," एवढेच म्हणाल्या. मी पिशवी खाली ठेवली आणि आजींच्या खांद्याखाली हात घातला. वाशीमजवळच्या आमच्या वृद्धाश्रमातली माझी नोकरी अशी सुरू झाली. अर्ज दुसऱ्या दिवशी भरला.

आज सगळा आश्रम त्यांना 'सिस्टर' म्हणतो. या महिन्यात त्या साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्तही. गौरवग्रंथाच्या समितीने मला लेख मागितला, तेव्हा एका सदस्यांनी प्रेमाने सुचवले, "त्यांनी एकट्यांनी वीस-वीस जणांचे केले, ते जरूर लिहा." ते लिहिते. पण कौतुक म्हणून लिहिणार नाही, कारण मला त्याचा संताप येतो. तुम्ही ज्याला सिस्टरांचा त्याग म्हणता, ती आपण न भरलेली जागा आहे.

आमच्याकडे बरीच माणसे अंथरुणाला खिळलेली. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. प्रत्येकाच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो. कूस बदलली की त्या वेळेच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. काम सोपे वाटते. मात्र जड अंगाच्या माणसाला वळवायला दोघी लागतात, आणि आम्ही कित्येकदा साऱ्या दालनात मिळून दोघी असायचो.

काही वर्षांपूर्वीची रामनवमी मी विसरणार नाही. पोहरादेवीच्या यात्रेत आश्रमाच्या नावाची पाणपोई लावायची टूम निघाली. मोठा फलक तयार झाला आणि आमच्यातल्या चार मावशी पाणी वाटायला तिकडे धाडल्या. तहानलेल्याला पाणी देणे पुण्याचेच, पण इथे खाटेवरच्या माणसाच्या तोंडाला पेला लावायला कोण उरले, हे कुणी विचारले नाही. सिस्टर पुरुषांच्या दालनात, मी बायकांच्या. तीन दिवस मी नुसती धावत होते. लकवा झालेल्या केनवडच्या गंगाबाईंची कूस मी दिवसातून दोनदा बदलली असेल नसेल. तक्त्यावर मात्र ड्युटी संपताना एकाच पेनाने सगळ्या खुणा भरून टाकल्या. आम्ही सगळ्या तेच करायचो. कोरा रकाना म्हणजे आपली कामचुकारी, अशी आमची समजूत होती.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी गंगाबाईंची पाठ पाहिली. कमरेखाली कातडी फाटून जखम झाली होती. त्यांनी तक्ता काढला.

"ह्या खुणा कोनं केल्या?"

"म्या केल्या."

"आन् कूस कोनं बदलली?"

मी रडायला लागले. त्या ओरडल्या नाहीत. जखम धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "रडू नोको. जे झालं नाई ते कोरं ठेवत जा. तू खोटी खूण केली का हापिसवाल्याइले वाटते, मानसं पुरून राह्यले. मंग कायले देतीन थे आनखी मानसं?" मग खोट्या खुणा माझ्याच हाताने खोडायला लावल्या, माझी सही घेतली आणि खाली स्वतः लिहिले, 'कूस बदलण्यास कर्मचारी नव्हते.' त्याखाली त्यांची सही.

दोन दिवसांनी गंगाबाईंचा मुलगा आला. भाजीपाला पिकवणारा साधा माणूस, मेथीची जुडी घेऊन आलेला. जखम पाहून तो माझ्यावर धावून आला. "माह्या मायच्या पाठीले खड्डा पडला! तुमी काय झोपा काढून राह्यल्या होत्या?" सिस्टर तो सहीचा तक्ता घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. "दादा, वरडा. तुमचा हक्कच हाये. पन हिच्यावर नोका वरडू. हा कागद घ्या आन् तिकडं हापिसात इचारा." तो कागद घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात आणखी पाच-सात घरची माणसे घेऊन आला.

आश्रमाच्या अध्यक्षांनी सिस्टरांना बोलावले. सरकारी तपासणी तोंडावर आली होती. नवा तक्ता पुढे सरकवून ते म्हणाले, "सिस्टर, हा नीट भरून द्या. आश्रमाची बदनामी होते आहे."

"साहेब, बदनामी त्या मायच्या पाठीवर झाली. कागद बदलून थे मिटत नाई," सिस्टर म्हणाल्या आणि तक्ता तसाच परत ठेवला. त्याची किंमत म्हणून त्यांचे मुख्य परिचारिकेचे पद गेले, ते आजतागायत परत मिळाले नाही. पण दोन मावशी नेमल्या गेल्या आणि गंगाबाईंची जखम अडीच महिन्यांनी भरून आली. त्या मुलाने नंतर माझी माफी मागितली. ज्यांनी मागायला हवी होती, त्यांच्यापैकी कुणी मागितली नाही.

सिस्टरांनी मला नर्सिंगच्या परीक्षेला बसवले, त्या दिवसांत माझी सकाळची ड्युटीही स्वतः केली आणि वर "नापास झाली त याद राख" असा दमही दिला. आज मी परिचारिका आहे ती त्यांच्या त्या दमामुळे. पण तेव्हाही बदली माणूस नव्हता, म्हणून त्यांना दोन पाळ्या कराव्या लागल्या, हेही लिहून ठेवते. एकटीने माणसे उचलून उचलून त्यांची कंबर गेली आहे. त्या पट्टा बांधून कामावर येतात.

आता त्या जात आहेत. त्यांची जागा 'तूर्त' भरायची नाही, असे ठरल्याचे कळते. त्या दोन मावशींपैकी एक सोडून गेली, तीही जागा रिकामीच आहे. शाल आली, श्रीफळ आले, हा ग्रंथ गुळगुळीत कागदावर छापला जातो आहे. सोहळ्याचा दिवस कोणता धरावा असे विचारायला समिती गेली, तेव्हा सिस्टरांनी एवढेच विचारले म्हणतात, "त्या दिशी हॉलमंदी कोन राहीन?" समितीने ते हसण्यावारी नेले.

निर्मलाताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे मी मनापासून मागते. त्यांनी शंभरी पाहावी. पण शंभर वर्षांच्या माणसाला कूस बदलायला दोन माणसे लागतात. ती आजच नेमा.