उपाशीपोटी काढलेलं तेल

इंजिनातली तेलाची पट्टी उपसून तात्या आधी तिचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. मग तो थेंब उन्हात धरायचे, हुंगायचे, आणि आसपास कोणी बघत असेल तर जिभेलाही लावायचे. डोळे मिटून म्हणायचे, "ब्येस हाय. अजून धा वर्सं मरत न्हाय." कोणी बघत नसेल तेव्हा मात्र पट्टी धोतराला पुसून तशीच परत खोचायचे. मी आडोशाला उभं राहून पाहिलंय, म्हणून सांगतो.

बारामतीच्या पेठेत आमच्या शेठची गुळाची आडत होती. मी तिथे दिवाणजी आणि तात्या ट्रकचे ड्रायव्हर. ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला. कळंबकडच्या गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपा भरून आणायचं त्याचं काम. धूर इतका सोडायचा, की जळोचीच्या शिवारात भाजी खुडणाऱ्या बायका तो दिसला की पदर नाकाला लावून शिव्या घालायच्या. तात्या स्टिअरिंगवरून हात हलवून त्यांना प्रतिसाद द्यायचे. त्यांना वाटायचं, आपलं कौतुक चाललंय.

शेवटी शेठनी ट्रक भंगारात काढायचं मनावर घेतलं. नवा घेऊ म्हणाले. तात्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं, "ही गेली की मीबी निघालो." आणि हा माणूस बोलला म्हणजे करणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मला तर जेवण गोड लागेना.

त्याच सुमारास पुण्याहून एक तेलविक्या आला. मोठ्या शहरांत इंजिनातलं वापरलेलं तेल प्रयोगशाळेत तपासतात आणि इंजिन न उघडता आतला आजार ओळखतात, असं तो बोलता बोलता सांगून गेला. शेठना हे एकदम पटलं. नुकतीच त्यांची लघवी पुण्यात तपासली होती, तीत साखर निघाली होती, आणि डॉक्टरने गूळ बंद केला होता. गुळाच्या व्यापाऱ्याला गूळ बंद! तेव्हापासून शेठचा देवानंतर प्रयोगशाळेवर विश्वास.

"तात्या, तेल तपासून आणा. पास झालं तर गाडी ऱ्हाईल, नापास झालं तर इकू."

आता प्रयोगशाळा आणायची कुठून? आम्हाला माहीत होती ती एकच, जवळच्या साखर कारखान्यातली.

शेठचा नमुना उपाशीपोटी घेतला होता, हे तात्यांनी ऐकलं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीत पेट्रोल घातलं नाही आणि सकाळी ती सुरूही केली नाही. औषधाच्या धुतलेल्या बाटलीत काळंकुट्ट तेल भरून बूच लावलं आणि बाटली मांडीवर घेऊन माझ्याशेजारी एस.टी.त बसले.

कारखान्यातला केमिस्ट चक्रावला. "अहो, इथं उसाचा रस तपासतात."

"मग ह्योबी रसच हाय की. इंजनाचा."

"मला फक्त त्यातली साखर बघता येते."

"साखरच बघा. आमच्या शेठचीबी तेवढीच बघितली."

सुटका करून घ्यायला केमिस्टने आत जाऊन काहीतरी खटपट केली आणि बाहेर येऊन सांगितलं, "साखर नाही."

"आजिबात न्हाय?"

"कशी असेल?"

तात्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. केमिस्टने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

आडतीच्या उंबऱ्यातूनच तात्या ओरडले, "शेठ, पास! साखर न्हाय!"

शेठ गादीवरून उठले. बाहेर येऊन त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला. "इतकी वर्सं गूळ वाहतीया, आन् हिला साखर न्हाय," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि थोडा हेवाही. "माझ्यापरीस धडधाकट हाय की ही! ऱ्हाऊ द्या." मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण दोघं इतके खूश होते, की माझं ऐकतो कोण?

पुढच्या हंगामात गूळ भरून येताना, शेठ स्वतः आणि मीही केबिनमध्ये असताना, इंजिनात खाडकन आवाज झाला आणि ट्रक जागीच उभा राहिला. तात्यांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, हळूच मिटलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गेली, शेठ."

"आरं, पन साखर तर नव्हती!"

"नव्हतीच की. निर्मळ गेली."

शेठ मागे चढले, एका ढेपेचा खडा फोडला आणि तोंडात टाकला.

"शेठ, डॉक्टरनी..." मी म्हणालो.

"दिवाणजी, गप बसा. हिनं काय खाल्लं होतं?"

त्यांनी दुसरा खडा तात्यांना दिला.

बोलल्याप्रमाणे तात्या दुसऱ्या दिवशी पळसदेवला लेकीकडे निघून गेले ते परत आले नाहीत. नव्या ट्रकच्या ड्रायव्हरशी माझं कधी जमलं नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

ट्रक बंद पडला त्या दिवशी मात्र ढेपा बैलगाड्यांत उतरवून आम्ही रिकाम्या ट्रकला बैल जुंपले. तात्या स्टिअरिंगवर, शेठ शेजारी. बारामती जवळ आली तसे तात्या बैलवाल्याला म्हणायला लागले, "सावकास चाल रं बाबा. घाई कशापायी?" बैल मुळातच रखडत चालले होते. आडतीसमोर पोचलो, बैल सोडले, तरी तात्या उतरेनात. शेठही उतरेनात. मी खाली ताटकळत उभा राहिलो, आणि मग मीही केबिनमध्ये चढून त्यांच्याशेजारी बसलो.