बावीस फुटांची चोरी

भर दिवसा, भर वस्तीत, माणसांच्या डोळ्यांदेखत एक सबंध रस्ता चोरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. सोनंनाणं चोरणाऱ्याला निदान पळून तरी जावं लागतं. मामा चोरी करून तिथंच ओट्यावर बसत आणि चोरलेल्या मालाला तांब्यानं पाणी घालत. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरची. नवी पेठेपासून थोडं पुढं, स्टेशनाकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर मामांचं घर होतं आणि त्याच घराच्या माडीवर आम्ही नवराबायको बिऱ्हाडाला होतो. त्यामुळे त्या चोरीत टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे मला आता कबूल करायला हरकत नाही.

मामा सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते आणि निवृत्त झाल्यावर खातं सुटलं तरी मोजमाप सुटलं नव्हतं. आमचं लग्न ठरवायला ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून मोजल्या आणि खाली येऊन म्हणाले, "पायऱ्या सारख्या आहेत. मुलगी द्यायला हरकत नाही." लग्नात पंगत वाकडी बसली म्हणून त्यांनी वाढप थांबवलं, सुतळी ताणली आणि दीडशे माणसांना मांडी घातल्या घातल्या मागेपुढे सरकवलं. वरपक्षातली बडी मंडळीसुद्धा मुकाट्यानं सरकली, कारण मामांच्या डोक्यावर खाकी हॅट होती. ती हॅट ते जेवताना आणि देवपूजेला तेवढी काढत. माणसांची पारखही ते रस्त्यासारखीच करत. माझ्या मिलमधल्या साहेबाला एकदाच भेटले आणि घरी येऊन म्हणाले, "जावईबापू, तुमच्या साहेबाच्या डोक्याला मधे चढ नाही. पाणी वाहून जात नाही, साचून राहतं." त्या साहेबाच्या हाताखाली मी पुढं बरीच वर्षं काढली. याहून नेमकं वर्णन मला सुचलेलं नाही.

आता त्या रस्त्याबद्दल. मूळचा तो अठरा फुटांचा, दोन्ही बाजूंनी कडुनिंबाची झाडं असलेला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो रुंद करायचा हुकूम निघाला, आणि ते काम आलं मामांकडेच. मामांनी ते चोख केलं. झाडं पाडली, खडी पसरली, डांबर ओतलं आणि अठराचा रस्ता चाळीस फूट करून दिला. सत्कारात नारळ मिळाला. मग मामा निवृत्त झाले, घरी बसले आणि स्वतःच केलेला रस्ता त्यांना पहिल्यांदाच दिवसभर बघावा लागला. सुताचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या ट्रकांना स्टेशनाकडची ही जवळची वाट सापडली होती. मोकळा, सरळ, बिनसावलीचा रस्ता मिळाल्यावर ते असे सुटत की आमच्या माडीवरची भांडी फळीवरून चालत पुढं येत. ती मागं ढकलणं हे माझ्या बायकोचं दिवसातून तीनदा करायचं काम झालं.

आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक तेलुगू विणकर कुटुंब राहत होतं. त्या घरच्या बाईंना मामी अक्का म्हणत आणि त्याही मामींना अक्काच म्हणत. झाडं होती तेव्हा दोघींचं दिवसातून चारदा इकडून तिकडे चालायचं. मामींचं तेलुगू आणि अक्कांचं मराठी दोन्ही तुटपुंजं, पण तास-तास बोलायला ते कसं पुरायचं कोण जाणे. रस्ता रुंद झाल्यावर ते जाणंयेणं थांबलं. मामींचे गुडघे धरलेले, चाळीस फूट ओलांडायला त्यांना वेळ लागे, आणि ट्रक तेवढा वेळ देत नसत. मामींनी कधी तक्रार केली नाही. एका होळीला मात्र त्या कटाची आमटी पातेलीत घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. एक ट्रक गेला, की पुढं पाऊल टाकायच्या. दुसरा दिसला, की मागं घ्यायच्या. पलीकडे अक्का दारात उभ्या. शेवटी मामी घरात परत आल्या आणि पातेली चुलीवर ठेवून म्हणाल्या, "पुन्हा ऊन करते. गार झाली." मामा खिडकीत बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या हातात घड्याळ होतं. "पाऊण तास," ते मला म्हणाले. एवढंच. जेवताना त्यांनी एकही पोळी मापात नसल्याचं सांगितलं नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. उत्तर आलं नाही. तेव्हा मामांनी हॅट घातली, एका काठीला लाल फडकं बांधलं आणि सोलापूरच्या उन्हात, दुपारी दोन वाजता मला खाली बोलावलं. "टेप धरा," म्हणाले. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड होते. मामांनी ते दोन्हीकडून एकेक वीत आत घेतले. बस्स, वीतभर. पंधरा दिवसांनी आणखी वीतभर. "एकदम घेतलं तर लोक विचारतात," ते म्हणाले, "वीतभर गेलं तर त्यांना वाटतं आपलीच नजर गेली." खरं म्हणजे कुणी विचारायचा प्रश्नच आला नाही. खाकी हॅट, टेप आणि लाल फडकं एवढं असलं की आपल्याकडे माणसं लांबून वळसा घालून जातात. एकदा चौकातला हवालदार आमच्याकडे आला तेव्हा मी टेपचं टोक सोडून दिलं. त्यानं मामांना सलाम केला आणि काम होईपर्यंत वाहतूक अडवून धरली.

दगड आत सरकले की मागं मोकळी पट्टी राही. तिथं मामांनी डांबराची रिकामी पिंपं आणून, त्यांचे तळ काढून उभी केली आणि प्रत्येकात लाल माती भरून कडुनिंबाचं रोप लावलं. पिंप कमरेएवढं आणि रोप बोटाएवढं, त्यामुळे पहिले काही महिने आमच्या रस्त्यावर पिंपंच लावल्यासारखी दिसत. ती त्यांनी समोरासमोर न ठेवता एक इकडे, एक तिकडे, नागमोडी ठेवली. पंगत सुतळीत बसवणाऱ्या माणसानं हे करावं याचं मला नवल वाटलं. "सरळ दिसलं की ड्रायव्हरचा पाय खाली जातो," मामांनी सांगितलं. "वळायला लावा, पाय आपोआप वर येतो." जिथं पिंपं पुरली नाहीत तिथं त्यांनी गल्लीतल्या बायकांना कुरडया-पापड वाळत घालायला सांगितलं. मामांचा अनुभव असा की ट्रकवाला माणसाला हॉर्न देतो, पण कुरडयांना देत नाही. त्या कुणाच्या तरी बायकोनं घातलेल्या असतात हे त्याला घरून ठाऊक असतं.

उन्हाळा आला आणि नळाचं पाणी एक दिवसाआड झालं. रोपं माना टाकायला लागली. तेव्हा मामा लाल फडकं घेऊन रस्त्याच्या मधे उभे राहू लागले. ट्रक थांबला की ते ट्रकला टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीतून एक पेला पाणी मागून घेत, आणि ड्रायव्हरसमोरच ते पिंपात ओतत. पहिला ड्रायव्हर बघतच राहिला. "क्या बाबा," तो म्हणाला, "मैं समझा तुमकू प्यास लगी." मामा म्हणाले, "मला नाही, याला. तू रोज जातोस, तर रोज दे." गंमत अशी की तो देऊ लागला. दोन-चार जण चिडून दुसऱ्या वाटेनं जाऊ लागले, तेही मामांना हवंच होतं. जे उरले ते आपणहून थांबत, आणि आपलं रोप कोणतं यावरून एकदा दोघांत बाचाबाची झाली.

अशा रीतीनं सात-आठ महिन्यांत रस्ता पुन्हा अठरा फुटांवर आला. मामी आमटी घेऊन पलीकडे जाऊ लागल्या, अक्का इकडे येऊ लागल्या, आणि फळीवरची भांडी जागच्या जागी राहू लागली.

मग कुणीतरी तक्रार केली. एका सकाळी जीप आली, मागून टिकाव-फावडी घेतलेले चार मजूर आले. जीपमधून उतरला तो मंद्रूपकडचा, मामांच्याच हाताखाली शिकलेला ओव्हरसियर. मामांना बघून तो बिचारा आधीच निम्मा झाला. त्यानं टेप टाकला, पुन्हा टाकला, आणि कागद बघितला.

"साहेब, रेकॉर्डला चाळीस हाय. हितं अठराच भरतंय की."

"टेप तपासून घे."

"तुमचाच हाय साहेब. तुमी रिटायर झाला तवा मला दिलेला."

"मग उन्हाचा परिणाम असेल."

"उन्हानं वस्तू फुगती, साहेब. आकसती कुटं? तुमीच शिकवलंय."

"रस्ता फुगलाय म्हणून तर अठरा भरतोय," मामा शांतपणे म्हणाले. "थंडीत ये. सतरा भरेल."

तो हसला नाही. हॅट काढून त्यानं घाम पुसला. "साहेब, बावीस फूट गेलं कुटं, ते तरी सांगा. मला वर लिवून द्यायचंय."

मामांनी पिंपांकडे बोट केलं. "गेले नाहीत. आडवे होते, ते उभे केलेत."

"लई अवघड केलंय तुमी. हे समदं काडायचा हुकूम हाय." त्यानं मजुरांना खूण केली. मामांचा चेहरा पांढरा पडला. ते पहिल्या पिंपाशी जाऊन उभे राहिले. आणि तेवढ्यात आमच्या दारातून मामी निघाल्या. यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. हातात झाकलेली वाटी, एका गुडघ्यावर जरा जोर देत त्या जीपला वळसा घालून आल्या, टिकाव घेतलेल्या मजुराला "जरा सरक रे बाबा" म्हणाल्या आणि रस्ता ओलांडू लागल्या. एक ट्रक आला, पिंपाशी हळू झाला आणि थांबला. मामी पलीकडे पोचल्या. अक्कांनी हात धरून त्यांना पायरी चढवली. मामांनी घड्याळ बघितलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दीड मिनिट."

ओव्हरसियरनं त्या दाराकडे बघितलं. झाडं पाडली त्या कामावर तोही होता. अक्कांच्या दारातलं पाणी तोही प्याला होता. मग त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं, "रुंदी अठरा फूट. कडेला जुनी झाडं हायत." रोपं तेव्हा पिंपाच्या वर जेमतेम हातभर आली होती. पण सरकारी कागदावर ती जुनी झाली आणि आजतागायत त्यांना कुणी हात लावला नाही.

पुढं माझी बदली बार्शीला झाली. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर मी मामांना नमस्कार करायला गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते. मामी सकाळपासून पलीकडे होत्या. हल्ली त्या तिकडेच असत, दुपारचा चहा मामांना स्वतःच करून घ्यावा लागे आणि तो त्यांना काही केल्या जमत नसे. मी म्हटलं, "मामा, तुम्हीपण पलीकडे जाऊन बसत चला की. इथं एकटे कशाला?"

"मी गेलो की दोघी गप्प होतात," मामा म्हणाले. "इथून त्यांचं हसणं ऐकू येतं." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "इतकी वर्षं येत नव्हतं."