गोदावरीच्या तोंडाशी पडलेला लाल्या

नवीन जालना भागातल्या आमच्या घरात कॅलेंडर म्हटलं की देव. दर वर्षी देव बदलायचा, खिळा तोच. त्या वर्षी मात्र बाबांनी भलतंच कॅलेंडर आणलं. ते बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघायचे, तिथं कुणीतरी त्यांना ते दिलं होतं. आंध्रात गोदावरी समुद्राला मिळते तो भाग, उपग्रहानं आभाळातून टिपलेला. नदीला फाटे फुटलेले, किनारा वाकडातिकडा, पलीकडे काळानिळा समुद्र. आईनं विचारलं, "ह्याला हळदकुंकू कुठं लावू?"

बाबांनी ते उगाच आणलं नव्हतं. मला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा आमच्याकडचाच, पण नोकरी थेट त्या चित्रातल्या मुलखात. जागा डोळ्यांनी बघितली की घरचे घाबरणार नाहीत, असा बाबांचा हिशेब. मला फोटोतला मुलगा आवडला होता आणि खरं सांगू का, त्याहून तो समुद्र आवडला होता. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावातला तलाव. मला जायचंच होतं.

अडचण एकच, आत्या. बाबांची थोरली बहीण. अंबड तालुक्यात गोदाकाठच्या गावात राहायची, शेती स्वतः बघायची. तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे लग्न सोडाच, पापडसुद्धा लाटले जात नसत. ती आली, पिशवी ठेवली, कॅलेंडरापुढं उभी राहिली आणि ओरडलीच, "अगं माय माय! समद्या शिवारावर लाल्या पडलाय की!"

लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडायचा रोग. आणि चित्रातली नदीच्या फाट्यांमधली जमीन खरंच लालभडक होती. बाबांनाही ते का, हे ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, "आभाळातून दिसावा इतका रोग! बिलकुल न्हाई द्यायची पोरगी. खाईल काय तिथं, मीठ?" आई लगेच तिच्या बाजूला गेली. माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात मी भांडी अशी आदळली की शेजारीण विचारायला आली.

पण पाहुण्यांना दिवस कळवून झाला होता, तो मोडणार कसा? मुलगा आला. मी पोहे घेऊन बाहेर गेले, तर आत्यानं त्याला कॅलेंडरापुढं उभं केलेलं. "पाव्हणं, आधी हे सांगा. पीक कशानं गेलं?"

त्याला हसू येत होतं, पण बिचाऱ्यानं दाबलं. "आत्याबाई, पीक गेलेलं नाही. हा कॅमेरा हिरव्याला लाल दाखवतो. जितकं लाल, तितकं पीक जोमात. सगळा भात आहे तो."

"मंग आपल्याकडचं कसं दिसतं?"

तो जरा चुळबुळला. "उन्हाळ्यात? राखाडी. नदीच्या कडेनं थोडं लाल, बस."

आत्या कॅलेंडराच्या आणखी जवळ सरकली. मग चित्रातल्या नदीवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमच्या घाटावरून जाती तीच का?"

"तीच."

मी पोह्यांचा ट्रे धरून उभीच. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी म्हणालेच, "तुम्ही मला बघायला आलात की कॅलेंडर? मला जायचंय तिथं. आणि पोहे गार होऊन राह्यलेत."

आईनं कपाळावर हात मारला. आत्या मात्र खो खो हसली. "तोंड बघा पोरीचं! घेऊन जा पाव्हणं. पाणी बख्खळ हाय तिकडं, हिला थंड ठेवायला."

लग्न झालं. निघताना सगळे जालना स्टेशनवर आले. मी रडेन म्हणून आईनं दोन रुमाल दिले होते. मी तर खुशीत होते. रडली ती आत्या, आणि तीही अशी की फलाटावरचे हमाल थांबून बघायला लागले.

"आत्या, रडतेस कशाला? तुझ्याच नदीच्या काठी चाललेय ना मी?"

"म्हणूनच तर भीती वाटती," ती म्हणाली. "जन्मभर घाटावर बघत आले. तिकडं गेलेला एक थेंब माघारी आला न्हाई."

"मी येईन की! दिवाळीला येते बघ," मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण खिडकीतला माझा हात काही सोडेना. गाडी हलली तशी चार पावलं बरोबर चालली, मग हात सुटला. आणि जायची एवढी घाई असलेल्या मला त्या क्षणी वाटलं, कुणीतरी साखळी ओढावी.