बन्सीलाल सरांचं घर कोणीही सांगेल

गोडादऱ्यात राहणाऱ्या बन्सीलाल पाटील सरांना स्वतःचा पत्ता सांगायची लाज वाटे. प्लॉट नंबर सांगणं म्हणजे आपल्याला कोणी ओळखत नाही अशी कबुली देणं, असं त्यांचं मत. "नाव विचारा, कोणीही घर दाखवेल," एवढंच ते सांगत. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायचो, शिवाय त्यांच्या क्लासला जाऊन नापास झालेलो, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा मला पुरेपूर हक्क आहे.

सर बारावीचं गणित शिकवत. फंक्शनला इन्व्हर्स आहे की नाही, म्हणजे उत्तरावरून उलटं मूळ आकड्यापर्यंत जाता येतं की नाही, हा त्यांचा लाडका धडा. आलेखावर ते फूटपट्टी आडवी धरत. ती आलेखाच्या रेषेला दोन ठिकाणी लागली की इन्व्हर्स नाही, आणि सर खूश. "तीनचा वर्ग नऊ, वजा तीनचाही नऊ. आता नऊकडून माघारी निघालात तर कोणाचं दार वाजवाल?" ज्याला उत्तर येत नसे त्याच्या हातावर तीच पट्टी बसे.

पंच्याण्णव साली त्यांच्या हर्षदाला स्थळ आलं. मुलगा नवसारीला बँकेत. हर्षदाला त्याचा फोटो मनापासून आवडला होता आणि ती ते लपवतही नव्हती. पाहुण्यांना पत्ता कळवायला सर पीसीओवर निघाले, तेव्हा मालतीबाई मागून म्हणाल्या, "घरना नंबर सांगा त्यासले." घरात बायकोने अहिराणी बोललेलं सरांना खपत नसे, म्हणून त्यांनी ते ऐकलंच नाही. फोनवर म्हणाले, "गोडादऱ्यात उतरा आणि बन्सीलाल पाटील म्हणा. बस."

रविवारी पाहुणे नाक्यावर उतरले आणि पानवाल्या लोटूला त्यांनी नाव सांगितलं. लोटू म्हणाला, "कोणता बन्सीलाल? आठे तर चार शेतस." इथल्या चौघांपैकी ज्यांची मुलगी लग्नाची आहे ते, असं पाहुणे म्हणाले. लोटूने त्यांना लूमवर काम करणाऱ्या बन्सीलालकडे धाडलं. त्यांच्या उज्ज्वलासाठी स्थळं बघताहेत हे त्याला ठाऊक होतं. त्या घराने सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलेलं. कोणीतरी पाठवले असतील म्हणून त्यांनीही पाहुण्यांना बसवून घेतलं. पोहे येईपर्यंत घोटाळा सगळ्यांच्या लक्षात आला. पण तोवर मुलाच्या आईला उज्ज्वला आवडली होती, आणि मुलाला तर आईच्याही आधी.

इकडे सर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. नाक्यावर तरी जाऊन बघा, असं मालतीबाईंनी विनवलं. पण पाहुण्यांची वाट बघत नाक्यावर उभा राहील तो सर कसला? श्रीखंडाला पाणी सुटलं. संध्याकाळी मध्यस्थ भाईदास मान खाली घालून आला आणि त्याने काय झालं ते सांगितलं.

"पप्पा," हर्षदा म्हणाली, "घरावरून नाव सांगता येतं. नावावरून घर नाही. पट्टी चार ठिकाणी लागते. तुमचाच धडा आहे."

सर फळ्यासमोर उभे असल्यासारखे ताठ झाले. "क्षेत्र मर्यादित केलं की इन्व्हर्स मिळतो. शिकलेल्या बन्सीलालांपुरतं बघितलं तर मी एकटाच."

"मग हे लोटूला सांगितलं होतं का?"

इथे सरांच्या पट्टीचा उपयोग नव्हता. हर्षदा मोरीत जाऊन नळ सोडून रडली. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. सरांचं मला काही वाटलं नाही, तिचं मात्र फार वाईट वाटलं.

पुढे उज्ज्वलाच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या गेल्या. वधूपिता बन्सीलाल पाटील, गोडादरा. मग काय, जो भेटेल तो सरांचं अभिनंदन करू लागला. सर आधी नुसतेच हं हं करून सटकत. एकदा किराणावाल्या गुजराती शेठने मुलीचं ठरल्याचा पेढा मागत भर दुकानात त्यांचा हात धरला. "सर, दीकरीनुं नक्की थई गयुं ने? मोढुं मीठुं करावो."

हर्षदा शेजारीच पिशवी धरून उभी होती. ती दुसरीकडे बघू लागली.

"ए बीजा बन्सीलाल," सर हळूच म्हणाले. "हुं प्लॉट नंबर एकसो बारवाळो."