चांगली दाढ

"डॉक्टर, हात पुढे करा," सर म्हणाले.

दक्षिणेत, अड्यारला सरांच्या दातांच्या दवाखान्यात सकाळचे पेशंट बसले होते. नर्स, रिसेप्शनिस्ट, सगळे बघत होते. मी हात पुढे केले. बोटं थरथरत होती. सर इंग्रजीत म्हणाले, "हे बघा, रिझर्व्हेशनचे हात."

कोणीतरी हसलं. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

दोनच दिवसांपूर्वी सरांना मी सगळं सांगितलं होतं. व्यसनात, आजारात सापडलेल्या दंतवैद्यांसाठी आमच्या संघटनेनं गुप्त मदत सुरू केली होती. पत्रकात लिहिलं होतं, तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही. समितीवर आमचे सरच. वडील गेल्यावर माझी झोप उडाली होती. झोपेच्या गोळ्या सुरू केल्या, मग दिवसाही लागायला लागल्या. तेही सांगितलं, आणि दाढेचंही. गोळीच्या गुंगीत मी एका काकूंची दुखरी दाढ सोडून शेजारची चांगली दाढ काढली होती. लक्षात आल्यावर दुखरीही काढली. वर म्हणाले, "दोन्ही किडल्या होत्या, काकू."

काकू वेलचेरीच्या. नवरा रेल्वेत, पुण्याहून बदलून आलेला. तेव्हा लोकल तिथवर पोचली नव्हती. दोन बस बदलून यायच्या. "दुखणं आपल्या भाषेत सांगता येतं गं," म्हणायच्या.

सरांनी माझे हात चारचौघांत दाखवले, दाढ मात्र झाकली. केबिनमध्ये म्हणाले, "त्या बाईला काही कळलेलं नाही. गप्प राहा, नोकरी राहील."

मी राहिले गप्प. भीती होतीच, पण सोयीचंही होतं. आपण मुळात या खुर्चीच्या लायकच नव्हतो, असं मलाही पटायला लागलं होतं.

आठवड्यानं काकू जखम दाखवायला आल्या. येताना डब्यात माझ्यासाठी मऊ भात. "तूही नीट जेवत नाहीस," म्हणाल्या.

सर शेजारच्याच खुर्चीपाशी होते. मी म्हणाले, "काकू, तुमची एक दाढ चांगली होती. ती मी चुकून काढली. मी गोळ्या घेत होते. तुमच्याशी खोटं बोलले."

काकूंनी गालावर हात ठेवला. म्हणाल्या, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

त्या उठून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

सर म्हणाले, "तुम्हा लोकांना उपकार पचत नाहीत."

"सर, दाढ मी काढली. माझ्या लोकांनी नाही."

नोकरी त्याच दिवशी गेली. सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभी राहून मी उपचार घेतले. गोळ्या सुटायला वर्ष लागलं. दंत परिषदेकडे दोन तक्रारी लिहिल्या, एक स्वतःविरुद्ध, एक सरांविरुद्ध. माझ्यावर कारवाई झाली. सरांवरच्या तक्रारीला उत्तरही आलं नाही. ती मी दर वर्षी पुन्हा पाठवते.

काकूंनी मला माफ केलेलं नाही. त्यांनी ते करावं, असं मी म्हणणारही नाही. चूक माझी आहे, विचारेल त्याला सांगेन. पण ती माझ्या जातीवर ढकलणाऱ्याला तिथल्या तिथे अडवीन. समोर कोणीही असो.