मास्तरांची कंबर

आमच्या मास्तरांचं ठाम मत आहे की सरळ माणूस जगात नाही. स्वभावाचं नाही म्हणत मी, अंगाचं. कोणाचा उजवा खांदा उतरलेला असतो, कोणाचा डावा पाय अर्धा इंच आखूड, कोणाला पोक, आणि पोटांबद्दल तर बोलायलाच नको. चाळीस वर्षं ते लोकांच्या अंगाभोवती टेप फिरवतायत, पण दोन्ही बाह्या एकाच लांबीच्या लागतात असं गिऱ्हाईक त्यांना अजून भेटायचंय. माप घेताना जो तो श्वास ओढून पोट आत घेतो. मास्तर टेप पोटाभोवती तसाच धरून ठेवतात. हवापाण्याचं विचारतात, माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, पोट बाहेर येतं, आणि तेवढ्यात मास्तर आकडा टिपून मोकळे.

मी त्यांच्या दुकानात सतरा वर्षं काज-बटणं करते. माझंही अंग काही निराळं नाही. मान आखडलेली असते, बोटांची टोकं सुया टोचून टोचून टणक झालीत, आणि चाळिशी लागल्यापासून दोरा ओवताना तोंड आपोआप उघडं पडतं. संध्याकाळी उठताना गुडघे असे वाजतात की शेजारचा घड्याळवाला दुकान बंद करायला लागतो. तक्रार कोणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मास्तरांचा एक नियम आहे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला: ज्या टेपनं माप, त्याच टेपनं कटिंग. लाकडी पट्टी आहे दुकानात, पण ती दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडकवायला. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगावर जो टेप लावतात तोच कापडावर लावून खडूनं खुणा करतात. "दोन टेप म्हणजे दोन साक्षीदार," ते म्हणतात. "एकसारखं बोलतील याचा काय भरवसा?" म्हणून दुकानात टेप एकच. पिवळा, पितळी टोकांचा, आठ वर्षं मास्तरांच्या गळ्यात. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एकदा मी त्यानं पडदा मोजला तर मास्तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते.

त्यांचे वडीलही शिंपीच. हाडाचे शिंपी. ते गेले त्रेसष्टाव्या वर्षी, आणि कसे गेले ते मास्तरांनी मला एकदाच सांगितलं. खंगत गेले. वर्षभरात मास्तरांनी त्यांची एकच पँट पाच वेळा कमरेत आत घेतली. शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले. "तेव्हा मी शिवण थांबवली," मास्तर म्हणाले होते.

त्यानंतर मास्तरांना सवय लागली. दर वाढदिवसाला ते स्वतःचं माप घेतात आणि गिऱ्हाइकांच्याच वहीत, शेवटच्या पानावर, लिहून ठेवतात. छाती, कंबर, मांडी, दंड. त्यांच्या बासष्टाव्या वाढदिवसानंतर ते गप्प झाले. मला वाटलं वय झालं, माणूस होतो गप्प. पण मग ते जेवणही अर्धं टाकायला लागले. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दुपारी डबा घेऊन येतात आणि तासाभरानं रिकामा न्यायला परत येतात. आता डबा तसाच परत जायला लागला. मास्तर दोन घास खाऊन पोटावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, भरलं. जिना चढताना दम लागायचा. वाकून मशीनचा पट्टा चढवताना तोंड लाल व्हायचं. ढेकर तर असे द्यायचे की गिऱ्हाईक वळून बघायचं.

असे पाच महिने गेले. एका दुपारी त्यांनी मला दार लोटायला सांगितलं आणि गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला.

माझ्या काळजाचं पाणी झालं ते तिथंच. आकडा बघायच्या आधी. टेप माझ्या हातात म्हणजे काहीतरी फार मोठं बिघडलं होतं.

"कंबर बघ," ते म्हणाले. "माझ्याकडून चूक होत असेल."

मी बघितली. पावणेपस्तीस. दुसऱ्यांदा बघितली, तरी तेवढीच. मास्तरांनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. आठ वर्षांपूर्वी छत्तीस. मग पावणेछत्तीस, मग साडेपस्तीस, असं उतरत उतरत. छातीही उतरलेली, मांडीही.

"पण मास्तर, पँट तर ढिली दिसत नाही तुमची."

"मी आत घेतली ना. वाढदिवसालाच. सगळ्या पँटी सव्वा सव्वा इंच आत घेतल्या."

"आणि त्याच्या आधी ढिल्या होत होत्या?"

"तसं वाटत नव्हतं," ते म्हणाले. "पण आपल्याला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे? अंग खोटं बोलतं. रोज पाहतो मी. टेप खोटं बोलत नाही."

मी डॉक्टरचं नाव काढलं तर त्यांनी मान हलवली. डॉक्टर काय नवीन सांगणार? वडिलांना जे सांगितलं तेच. दोन घासांत पोट भरणं, धाप लागणं, सगळं अगदी तसंच चाललंय, ते म्हणाले. काकूंना सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. आणि म्हणाले, "दुकान तू चालव. कटिंग तुला येतं, मला माहितीये. मी नसताना करून बघतेस ते."

मी मान खाली घालून बसले. रडूही आलं. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला? कटिंगचं टेबल खिडकीकडे सरकवलं तर उजेड चांगला येईल. माणूस अजून जिवंत आहे, आपल्याला पोटच्या मुलीसारखं वागवतो, आणि मी त्याचं टेबल हलवतेय! मला माझी इतकी लाज वाटली की मी एक थांबा आधीच उतरून चालत घरी गेले.

पुढचे तीन महिने मास्तर मला कटिंग शिकवत होते आणि मी शिकत होते. दोघंही मान वर करत नव्हतो. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मला खरंच गाल बसलेले दिसायचे. अर्धपोटी माणसाचे गाल बसणारच, पण हे तेव्हा कोणाला सुचतंय?

त्यातच ग्रंथपालांचा कोट आला. आमच्या भागातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले असताना पुस्तकांच्या शिडीवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. दुकानात येणं शक्य नव्हतं. मग त्यांच्या मुलीनं घरीच मापं घेतली आणि कागदावर लिहून आणून दिली. मास्तर कधी कोणाचं कागदावरचं माप घेत नाहीत. पण आता त्यांच्यात नाही म्हणायची ताकद नव्हती. त्यांनी कापलं, शिवलं, मी काजं केली, कोट गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुलगी कोट हातावर टाकून हजर.

"मास्तर, खांदे बघा. दंडावर उतरलेत. पुढून तर आणखी एक माणूस मावेल."

मास्तरांनी कोट हातात घेतला नाही. ते तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होते की मला कळेना. खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बस बाळ. वडिलांना चांगल्या डॉक्टरांना दाखव. अंग असंच उतरतं. आधी कपड्यांना कळतं, मग माणसांना."

मुलगी बसलीच नाही. "अहो काय बोलताय? बाबा पडून पडून खातायत आणि फुगलेत! प्लास्टर एका पायाला आहे, तोंडाला नाही." तिनं पर्समधून एक गोल डबी काढली. त्यातून बटण दाबलं की आत जाणारा टेप निघाला. तिनं कोट टेबलावर पसरला आणि खांदा मोजला. "मी अठरा लिहून दिलं होतं. हे बघा, साडेअठराच्या वर आहे."

मास्तरांचा चेहरा एकदम बदलला. आजारपण वेगळं आणि कटिंगला नावं ठेवणं वेगळं. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि तोच खांदा मोजला. अठरा. बरोबर अठरा, सुतभरही इकडे तिकडे नाही.

"साडेअठरा," मुलगी म्हणाली.

"अठरा," मास्तर म्हणाले.

एकच कोट, एकच खांदा. मी हातातली सुई सोडली. उठले, मुलीचा टेप मागून घेतला, मास्तरांचा त्यांच्या हातातून ओढून घेतला. हो, ओढून. दोन्हींची सुरुवातीची टोकं टेबलाच्या कडेला लावून शेजारी शेजारी पसरले. तिचे साठ इंच संपले तिथं मास्तरांचे अठ्ठावन्न आणि एक बारीकशी रेघ होती. आठ वर्षं गळ्यातल्या घामात भिजून आणि प्रत्येक मापाला ताणून ताणून तो टेप जवळजवळ दोन इंच लांब झाला होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

आणि कोणाला पत्ता लागणार कसा? माप लांबलेल्या टेपनं, कटिंगही त्याच लांबलेल्या टेपनं. चूक चुकीला खाऊन जायची आणि कपडे अंगावर झक्क बसायचे. दुसऱ्याच्या टेपचं माप दुकानात आलं तेव्हा पहिल्यांदा ते उघडं पडलं. मी वही काढली आणि भराभर पानं उलटली. गावातलं झाडून सगळं गिऱ्हाईक आठ वर्षांत बारीक झालेलं. समोरचा बेकरीवाला तर दारातून तिरका आत येतो, त्याचं पोट म्हणे आठ वर्षांत एक इंचही वाढलं नव्हतं!

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्ही बारीक झालेला नाही. टेप मोठा झालाय."

त्यांनी दोन्ही टेपांवरून टोकापर्यंत बोट फिरवून बघितलं. मग स्टुलावर बसले आणि आधी पँटचं वरचं बटण काढलं. मुलीनं तोंड फिरवलं. मास्तरांनी श्वास घेतला. आठ महिन्यांतला पहिला पुरा श्वास असावा, कारण तो खूप वेळ आत जातच राहिला. दोन घासांत पोट का भरायचं, वाकलं की तोंड लाल का व्हायचं, ढेकर का यायचे, हे सगळं आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. सव्वा इंच आत घेतलेल्या पँटीत कोंबलेलं ते पोट बिचारं दुसरं करणार तरी काय? मेलेल्या बापाच्या आजाराची लक्षणं मास्तरांनी स्वतःच्या हातानं शिवून अंगात घातली होती.

मी हसायला लागले. थांबताच येईना. माझ्या हातातून दुकान गेलं होतं आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मुलीच्या टेपनं मी त्यांचं माप घेतलं. कंबर सव्वाछत्तीस. छाती होती तेवढीच. दंड मात्र अर्धा इंच खरंच गेला होता. मी दोनदा बघितला आणि सांगू की नको असं झालं.

"सांग, सांग," मास्तर म्हणाले. "दंड ना? गेला असेल. तो वयाचा आहे, आजाराचा नाही. तेवढा गेला तर जाऊ दे. एक दिवस सगळंच जायचंय, पण हे काही ते नव्हे." आणि मुलीकडे वळून म्हणाले, "बाळ, कोट उद्या दुपारी घेऊन जा. आणि वडिलांना म्हणावं, खाऊ दे त्यांना पोटभर."

मुलगी गेल्यावर मास्तरांनी एक पँट उसवायला घेतली. तीच, अंगातली, कमरेला चादर गुंडाळून. तेवढ्यात दाराशी काकू आल्या, हातात डबा. नवऱ्याला दुकानात चादर नेसून मशीनवर बसलेला बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"ये, ये," मास्तर म्हणाले. "आज सगळा डबा संपवणार आहे मी." आणि मोठ्या हौसेनं त्यांनी सगळं सांगितलं. वाढदिवसाचं माप, वहीचं पान, वडील, कोट, दोन टेप. बेकरीवाल्याच्या पोटाला आले तेव्हा स्वतःच मांडीवर थाप मारून हसले.

मला वाटलं काकूही हसतील. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"आठ महिने," त्या म्हणाल्या. "रोज डबा परत आला की मी माझ्या हाताला दोष देत होते. मीठ बदललं, तेल बदललं. शेजारणीला विचारून आले तुमच्या आवडीचं अजून काय करू म्हणून. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून एकटेच मरत होतात?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"मग तो कोणाला द्यायचा? गिऱ्हाइकांना?" एवढं म्हणून काकू रडायलाच लागल्या.

मास्तर चादर सावरत उठले. चाळीस वर्षं परक्या माणसांच्या अंगाभोवती सहज फिरलेले ते हात, पण काकूंच्या खांद्यावर ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. मी ग्रंथपालांचा कोट उचलला आणि बाहेर पायरीवर बसून उसवायला घेतला.